खालून पडणारा पाऊस

पुष्य लागून चार दिवस झाले होते, तेव्हा ताईचा फोन आला. पुनर्वसूचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा, असं आमच्याकडे म्हणतात; पण कोयनानगरात हा म्हातारा तरण्यापेक्षा काकणभर सरसच असतो. ताई पावसाबद्दल काही बोलली नाही. जुलैत तिथं पावसाबद्दल बोलायचं ते काय? ती शर्टांबद्दल बोलली. भाचीचे शाळेचे तीन पांढरे शर्ट, तिन्हींच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत तांबड्या ठिपक्यांचा पट्टा. साबण लावून झाला, ब्रशनं घासून झालं, लिंबू चोळून झालं. डाग फिका होतो, जात नाही.

‘रेनकोट घालत नाही का ती?’ मी विचारलं.

फोन भाचीनं घेतला. ‘घालते की मामा. पण शर्ट खराब होतो तो पाऊस नसताना.’

मी कराडला राहतो, अजून रोज सायकल चालवतो आणि वाढलोय कोयनेच्या वसाहतीत. भाचीचं ते वाक्य मला लगेच कळायला हवं होतं. तरी मिनिटभर लागलाच. मे महिन्यात घेतलेली तिची सायकल मी पाहिली होती. खाचांचे जाड टायर, पुढच्या चिमट्याला स्प्रिंगा, निळा-काळा रंग. चालवूनही पाहिली होती अंगणात. तिला काय नाही हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. कोरड्या रस्त्यावर ते कुणाच्याच ध्यानात येत नाही. तिला मडगार्ड नव्हतं. पुढंही नाही, मागंही नाही.

१ जून उजाडला की आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत रोज एक छोटी चौकट येऊ लागते. कोयना, नवजा, महाबळेश्वर. गेल्या चोवीस तासांत किती मिलिमीटर आणि जूनपासून एकूण किती. खाली कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचा साठा. १०५.२५ टीएमसीच्या धरणात आज किती आलं हे कराडच्या प्रीतिसंगमावर बसलेला माणूसही सांगतो, कारण सहा वक्र दरवाजे उचलले की ते पाणी त्याच्या पायाशी येणार असतं. कोयनानगरला वर्षाकाठी साधारण ५००० मिलिमीटर पाऊस पडतो. याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात ५०० च्या आसपास. एका जिल्ह्यात दहापटीचा फरक, आणि माणातल्या दहिवडीच्या मुलीला नि कोयनानगरच्या मुलीला दुकानात दाखवतात ती सायकल मात्र एकच.

नेदरलँड्सचं नाव सायकलींचा देश म्हणून नेहमी घेतलं जातं. तिथला वर्षाचा पाऊस आठशे-साडेआठशे मिलिमीटर, म्हणजे कोयनानगरच्या सहाव्या हिश्श्याइतका. तरी तिथल्या रोजच्या सायकलीला दोन्ही चाकांवर पूर्ण लांबीची मडगार्डं असतात, बहुतेकींच्या चेनला कव्हर असतं, कितीकींच्या मागच्या चाकाला कोटाचा घोळ अडकू नये म्हणून बाजूनं झापही असतं. ऑफिसला जाणारा माणूस ऑफिसच्या कपड्यांत सायकलीवर बसतो आणि त्याच कपड्यांत उतरतो. तिथल्या रस्त्यांचं, सायकलमार्गांचं कौतुक आपल्याकडे पुष्कळ छापून येतं. त्या पत्र्याच्या दोन पट्ट्यांबद्दल मात्र मी आजवर काही वाचलेलं नाही. मला त्या पट्ट्या निम्म्या कौतुकाच्या धनी वाटतात.

वरून पडणाऱ्या पावसासाठी आमच्या डोंगरानं पिढ्यान्‌पिढ्या डोकं चालवलं आहे. भातलावणीच्या बायका इरलं घेतात. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पूर्वी पानं, आता प्लास्टिकचा कागद. ओणवं होऊन लावणी करताना पाऊस सगळा पाठीवर येतो, म्हणून इरलं पाठीच्या मापाचं, आणि हात मोकळे. गुराख्याची घोंगडीची खोळ अशी की पाणी काठावरून ओघळून जावं, आत ऊब राहावी. या दोन्ही वस्तूंत कामाचा विचार आहे: माणूस कसा उभा राहणार, कुठं वाकणार, पाणी कुठून येणार. सायकल आली आणि पाणी यायची एक नवी दिशा तयार झाली. ते खालून वर येऊ लागलं.

ओल्या रस्त्यावर चाक फिरतं तेव्हा टायर खालचं पाणी अंगाला चिकटवून वर चढतो. थोडं चढलं की पाणी सुटतं, आणि सुटल्या क्षणी टायरचा तो भाग जिकडं चाललेला असतो तिकडंच सरळ झेपावतं. किती उंच जातं याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. मी कागदावर मांडून पाहिला. नेहमीचं मोठं चाक धरलं आणि हवेचा अडथळा सोडून दिला, तर ताशी १० किलोमीटरच्या वेगाला मागच्या चाकाचे थेंब जमिनीपासून साधारण ८० सेंटिमीटरपर्यंत चढतात. मोठ्या माणसाची सीट त्याच्या वर असते, म्हणून पाठ कोरडी. १५ च्या वेगाला ते सव्वा मीटरच्या पुढं जातात, म्हणजे पाठीच्या मध्यावर. २० च्या वेगाला जवळजवळ १ मीटर ९० सेंटिमीटर: बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून. वेग दुप्पट झाला की उसळी चौपट होते. खऱ्या रस्त्यावर हवा थोडं अडवते, वारं थोडं वळवतं, पण भाचीच्या शर्टावरचा पट्टा या आकड्यांना धरूनच उठलेला होता. चढाला पायडल रेटताना काही नाही. उतार लागला, सायकल जरा पळाली, की कमरेपासून वर वर.

आता तिचं वाक्य. पाऊस कोसळत असतो तेव्हा अंगावर रेनकोट असतो, आणि वरचं पाणी खालच्या चिखलाला धुतही असतं. रस्त्यावर वाहतं पाणी असतं, ते बरंच स्वच्छ. मग उघडीप होते. रेनकोट घडी करून कॅरिअरला लागतो, मुलं खूश. रस्ता मात्र पुढं कितीतरी तास ओला राहतो. दरडीतून झिरपा चालूच असतो, गटार नसलेल्या वळणांवर पाणी आडवं वाहतं, गाड्यांच्या चाकांनी कडेची तांबडी माती रस्त्यावर आणलेली असते आणि ती आता पातळ पिठल्यासारखी झालेली असते. मडगार्ड नसलेली सायकल तेच पिठलं उचलून पाठीवर, दप्तरावर, वेणीवर लावते. ही माती जांभ्याची आहे, तिचा रंग लोखंडाच्या गंजाचा आहे, आणि गंजाचा डाग साबणाला दाद देत नाही. ब्लीचिंगनं तो अधिक पक्का होतो. लिंबू, चिंच असलं आंबटच थोडंफार काम करतं, तेही डाग ओला असेपर्यंत.

आणि धुणं झालं म्हणजे संपलं असं नाही. जुलैतल्या कोयनानगरात कपडा वाळायला तीन दिवस लागतात, कधी चार. घरात आडव्या बांधलेल्या दोरीवर, चुलीच्या वरच्या अंगाला, पंख्याखाली. शर्ट वाळतो तो कुबट वासासकट. तीन शर्ट आणि तीन दिवसांचं वाळवण असं गणित ताईनं बसवलेलं होतं, आणि रोज मळणाऱ्या पाठीनं ते मोडलं होतं. सायकल बनवणाऱ्यानं पत्र्याच्या दोन पट्ट्यांचे पैसे वाचवले, ते कुणाच्या मनगटातून वसूल झाले हे मला त्या फोनवर कळलं. राग आला, अजून आहे.

कराडला माळ्यावर अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, सायकलीची मडगार्डं होती. सायकल उरली नव्हती. फ्रेम गंजून गेली, चाकं कुणीतरी हातगाडीला नेली, पण मडगार्डांची जोडी आईनं पोत्यात बांधून ठेवली होती. मी ती खाली काढली.

अण्णा धरणाच्या वर्कशॉपात होते. धरण १९६४ साली पुरं झालं, त्यानंतर लगेचच ते रुजू झाले आणि पहिल्या वर्षीच्या पगारातून त्यांनी सायकल घेतली. काळी, २४ इंची फ्रेमची, दांड्याच्या ब्रेकची. वसाहतीतले लोक काळाचे दोन भाग करतात, भूकंपाच्या आधी आणि भूकंपानंतर; आमची सायकल भूकंपाआधीची. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. वसाहतीतली बहुतेक घरं मोडली, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. माझा जन्म नंतरचा. अण्णा त्या पहाटेबद्दल फारसं बोलत नसत. सायकल भिंतीला टेकवलेली होती, भिंत तिच्यावर आली, एवढं सांगत. मागच्या मडगार्डाला सीटच्या थोडं खाली आंब्याएवढा पोचा होता, तो त्या भिंतीच्या दगडाचा. मिस्त्री ठोकून काढतो म्हणायचे, अण्णा नको म्हणायचे.

ते रोज त्या सायकलीवर कामाला जात. अंगावर मेणकापडाचा कोट, डोक्याला टोपी, पायांत गमबूट. धरणाच्या पायथ्याशी पोचल्यावर कोट काढून खिळ्याला लावला की आत खाकी कपडे कोरडे. मागच्या मडगार्डाच्या टोकाला त्यांनी ट्रकच्या जुन्या ट्यूबची वीतभर पट्टी दोन बोल्टांनी लावली होती. पुढच्या मडगार्डालाही तशीच, जमिनीपासून चार बोटं वर येईल अशी. लहानपणी मला ती पट्टी शोभेची वाटायची. तिचं काम मला सायकल माझ्या हाती आली तेव्हा कळलं.

मागच्या चाकाचा चिखल दिसतो, कारण तो पाठीवर येतो. पुढच्या चाकाचा दिसत नाही, म्हणून पुढच्या मडगार्डाची कुणी पर्वा करत नाही, आणि खरं नुकसान तिथं असतं. पुढचं चाक वाळूमिश्रित पाणी मागं फेकतं. ते थेट दोन पावलांवर, पायडलांच्या मधल्या धुऱ्यावर आणि चेनवर येतं. चेनच्या तेलात बारीक वाळू मिसळली की तेलाची कानस होते. चेन लांबते, दात झिजतात, आणि पावसाळा संपता संपता पायडल मारताना चेन उडी मारायला लागते. पाय ओले होतात ते वेगळंच. गुडघ्याखाली भिजलेला माणूस दिवसभर भिजलेलाच असतो, वर कितीही कोरडा असला तरी. पुढचं मडगार्ड जितकं खाली उतरेल तितकं हे पाणी अडतं. पत्रा फार खाली आणला तर खड्ड्यात, पायरीवर आपटून वाकतो. म्हणून टोकाला रबर. रबर आपटलं तरी वाकतं नि परत सरळ होतं. वीतभर ट्यूबमध्ये सगळी अक्कल होती.

ही अक्कल सायकलीच्या जन्माइतकीच जुनी आहे. १८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्लीची ‘रोव्हर’ आली, दोन्ही चाकं जवळजवळ सारख्या मापाची, मागच्या चाकाला चेन. आजची सायकल तिचीच लेक. १८८८ मध्ये डनलॉपनं हवेचा टायर आणला. इंग्लंडच्या पावसात मडगार्ड ही चैन नव्हतीच. ब्लूमेल नावाच्या कारखान्यानं तर सेल्युलॉइडची हलकी मडगार्डं करून नाव कमावलं. दुसऱ्या महायुद्धात रात्री दिवे बंद ठेवायची सक्ती आली तेव्हा तिथं सायकलीच्या मागच्या मडगार्डाचं टोक पांढरं रंगवणंही सक्तीचं झालं, अंधारात मागच्या मोटारीला दिसावं म्हणून. आपल्याकडच्या काळ्या सायकलींच्या शेपटाला असलेला पांढरा पट्टा ज्यांना आठवतो, त्यांना त्याची ही भावकी ठाऊक असावी.

स्वातंत्र्यानंतर आपले कारखाने उभे राहिले. मद्रासला टीआय १९४९ मध्ये, सोनीपतला ॲटलस १९५१ मध्ये, लुधियान्याला हीरो १९५६ मध्ये. त्यांनी इंग्लंडच्या सायकलीचा साचा उचलला तो मडगार्डांसकट. लुधियान्यात वर्षाला जेमतेम सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तरी तिथून सुटलेल्या काळ्या सायकलीवर कोयनेच्या पावसात माणूस कामावर पोचत होता. दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन लटकवून, पोस्टमन टपालाची पिशवी घेऊन, पेपरवाला, पाववाला. पावाची पेटी कॅरिअरवर आणि खाली मडगार्ड नाही, अशी कल्पना करून पाहावी.

मग साचा बदलला. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्याकडे मुलांना आवडते ती जाड टायरांची सायकल मूळची अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची. १९७० च्या दशकात मॅरिन परगण्यातल्या टेकड्यांवरून तरुण पोरं मातीच्या वाटांनी खाली झोकून द्यायची, त्या खेळातून ती घडली. तिथला उन्हाळा कोरडा ठणठणीत. खेळाच्या सायकलीला मडगार्ड कशाला? ती दगडांवर खडखडणार, काटक्यांत अडकणार. त्या जागी ते बरोबरच होतं. पण तीच सायकल शाळेची, दुधाची, कामाची म्हणून पाटण तालुक्यात आली, आणि येताना कोरड्या डोंगराची सवय घेऊन आली. फ्रेमला मडगार्डाचा बोल्ट बसवायला साधं भोकसुद्धा ठेवलेलं नसतं. माझी तक्रार त्या भोकाबद्दल आहे. मडगार्ड वेगळं घ्या म्हणाले असते तर घेतलं असतं. पण ते लावायची जागाच नाही म्हणजे पुढं कधी पाऊस येईल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

मडगार्ड सगळीकडे चालतं असंही नाही. आमच्या कराड-वाळव्याकडच्या काळ्या रानात ते पावसाळ्यात छळतं. काळी चिकण टायरला धरते, फिरत फिरत मडगार्डात जाऊन बसते, आणि दोन-तीनशे पावलांत चाक जाम. मग काटकीनं उकरत बसायचं. उसाच्या रानातून दूध आणणारे कित्येक जण म्हणूनच पुढचं मडगार्ड काढून टाकत, आणि त्यांचं चुकत नव्हतं. कोयनेची तांबडी माती तशी धरत नाही. ती मुरमाड, पाण्याबरोबर वाहणारी. टायरवर तिची ढेकळं होत नाहीत, रबडी होते. म्हणून काळ्या रानात मडगार्ड काढणारा आणि तांबड्या मातीत लावणारा, दोघंही आपल्या मातीला ओळखून असतात.

मी पोतं बांधलं, कराडहून चिपळूण एसटी पकडली आणि हेळवाकला उतरलो. पाटण सोडल्यापासून काचेबाहेर काही दिसत नव्हतं. नदी कुठं आहे ते फक्त आवाजावरून. हेळवाकात उघडीप होती. कोयनानगरच्या रस्त्यानं शाळा सुटलेली पोरं येत होती. सात-आठ सायकली असतील. दोन जुन्या, मडगार्डांच्या. बाकी सगळ्यांच्या पाठींवर तो पट्टा. एकाच्या पाठीवर दप्तराच्या आकाराची पांढरी चौकट आणि बाजूंनी तांबडं. एकीनं कॅरिअरला प्लास्टिकची पिशवी अशी बांधली होती की ती चाकावर पसरावी. पिशवी वाऱ्यानं तारांत जायला निघाली होती. मी तिला हाक मारून थांबवलं.

भाची फाट्यावर उभी होती. पोत्याकडे बघत म्हणाली, ‘मामा, हे जुनं बसंल का माझ्या सायकलीला?’

‘बघू मिस्त्री काय म्हणतात.’

वाटेवरच्या मिस्त्रींनी मडगार्ड हातात घेऊन आधी आतून बोट फिरवलं. मडगार्ड नेहमी आतून मरतं. टायरनं उडवलेली वाळू रंग खरवडते, उघड्या पत्र्यावर पाणी बसतं. कड गोल वळवलेली असते तिच्या पन्हळीत तर ते दिवसचे दिवस राहतं. बाहेरून चकचकीत मडगार्ड एके दिवशी बोल्टाच्या भोकाशी तुटून हातात येतं. अण्णा दर दिवाळीला मडगार्ड उतरवून आतून ग्रीसचा हात मारत. म्हणून पत्रा शाबूत होता.

‘पत्रा झकास हाय,’ मिस्त्री म्हणाले. ‘पन ह्यो अठ्ठावीसचा. पोरीचं चाक सव्वीसचं.’

अठ्ठावीस इंची चाकाची कमान मोठी. सव्वीसच्या चाकावर ठेवली की मध्ये टेकते आणि दोन्ही टोकांना लांब उभी राहते. वर रुंदीचा प्रश्न. अण्णांचं मडगार्ड सव्वादोन इंच, भाचीचा टायर जेमतेम दोन इंच. दोन्ही बाजूंना पाव इंचही उरत नव्हता. मडगार्ड टायरपेक्षा रुंद असावं लागतं ते एवढ्यासाठी की पाणी सरळ वरच उडतं असं नाही, कडेनंही फवारतं. मिस्त्रींनी लाकडी ओंडक्यावर मडगार्ड धरलं आणि हातानं, हळूहळू, बोटभर बोटभर सरकवत वाकवायला सुरुवात केली. ठोकलं नाही. ठोकलं असतं तर कड चुरगळली असती. तासभर गेला. बाहेर पुन्हा सुरू झाला होता.

पोच्याशी आल्यावर थांबले. कमान लहान झाल्यावर पोचा टायरच्या जवळ येत होता. ‘ह्यो काढावा लागंल.’

मी भाचीकडं पाहिलं. तिला पोच्याची गोष्ट ताईनं सांगितलेली होती. ती म्हणाली, ‘टायरला घासतोय का?’ मिस्त्रींनी चाक फिरवून दाखवलं. घासत नव्हतं, करंगळी जाईल एवढी फट होती. ‘मग राहू दे.’

फटीचं मला माझ्या अंगावरून ठाऊक आहे. चौदाव्या वर्षी एका अरुंद मडगार्डाच्या सायकलीवर असताना रस्त्यात पडलेली काटकी पुढच्या टायरनं उचलली, ती मडगार्डात शिरली, पत्रा गोळा झाला आणि चाक जागच्या जागी थांबलं. मी हँडलवरून पुढं. हनुवटीला टाके पडले. हल्ली परदेशी मडगार्डांच्या पुढच्या काड्यांना अशी क्लिप असते की ओढ बसली की काडी आपोआप सुटून येते, चाक अडकत नाही. जर्मन बनावटीची तशी मी पाहिली आहेत. ती नसेल तर पुढच्या चाकावर बोटभर मोकळीक ठेवावी, काड्यांची टोकं बाहेर निघालेली ठेवू नयेत, आणि झाडं पडलेल्या रस्त्यावर नजर खाली असू द्यावी.

पुढचं मडगार्ड बसवताना मिस्त्रींची खरी कसोटी लागली. अण्णांच्या सायकलीत ते चिमट्याच्या माथ्याला बोल्टनं अडकायचं. इथं चिमट्याला स्प्रिंगा. माथा जागेवर राहतो आणि चाक खड्ड्यात वर येतं. माथ्याला मडगार्ड लावलं तर पहिल्याच खड्ड्यात टायर त्यावर आदळणार. ते चाकाबरोबर वर-खाली व्हायला हवं. मिस्त्रींनी चिमट्याच्या खालच्या, हलणाऱ्या नळ्यांना जोडणारी कमान हेरली. तिला मध्ये एक भोक होतंच. तिथं बोल्ट, आणि काड्यांसाठी नळ्यांभोवती जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर पत्र्याचे क्लॅम्प. रबर असलं की क्लॅम्प सरकत नाही आणि खडखडत नाही. मागं सोपं होतं. काड्या धुऱ्याच्या नटाखाली गेल्या. प्रत्येक नटाखाली रबरी वायसर. मडगार्डाचा खडखडाट हा नट ढिला झाल्याचा निरोप असतो, तो ऐकून दुसऱ्या दिवशी पाना लावला तर मडगार्ड माणसाच्या आयुष्याइतकं टिकतं.

मग दोन्ही टोकांना ट्यूबच्या पट्ट्या. मापं भाचीनं घेतली, चार बोटं, तिची स्वतःची.

तिला ब्रेकबद्दलही सांगितलं. मडगार्डानं पाठ कोरडी राहते. रीम कोरडी राहत नाही. ओल्या रीमवर ब्रेकचं रबर पकडायला वेळ घेतं, लोखंडी चकचकीत रीम असेल तर फारच. उतारावर आधीपासून हलके हलके ब्रेक लावत पाणी पुसत राहावं लागतं, वळण आल्यावर दाबून चालत नाही. कुंभार्ली घाटात मी हे शिकलो, आणि तिनं ते घाटात शिकू नये असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेला गेली तेव्हा झड लागलेली होती. रेनकोट होताच. दुपारी उघडीप झाली. मी आणि ताई ओट्यावर उभे होतो. सायकल वळणावरून आली ती आधी कानाला आली: मडगार्डाच्या आत पाण्याचा सळसळ आवाज, चुलीवर फोडणी पडल्यासारखा. तो आवाज मी तीस वर्षांनी ऐकला. ती उतरली, दप्तर काढलं आणि आईकडं पाठ केली. ताईनं शर्टावरून हात फिरवला. काही बोलली नाही, आत चहा टाकायला गेली.

एक काम राहिलं होतं. अण्णांच्या मडगार्डाच्या शेपटाचा पांढरा रंग केव्हाच उडाला होता, आणि श्रावणाच्या तोंडाला कोयनानगरचं धुकं असं उतरतं की चार वाजता दिवे लावून गाड्या येतात. मागच्या गाडीला दिसणारी लाल काच जुन्या सायकलींना मडगार्डालाच बसायची. काच पाटणहून आणली. पांढऱ्या ऑइलपेंटचा छोटा डबा ताईकडं निघाला. भाचीनं जुन्या रंगाच्या खुणेवरून वीतभर पट्टा ओढला, पोच्याच्या खाली थेट रबरापर्यंत, दोन हात. सायकल पडवीत उलटी करून ठेवली आणि शाळेला चालत गेली. त्या हवेत रंग वाळायला तीन दिवस लागले.